‘आपला माणूस’ आणि रस्त्यावरचा दिवा

निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवसापासून पारावर, एसटी स्टँडवर आणि टीव्हीवर एकच हिशेब सुरू होतो. अमक्या समाजाची मतं अमक्याला गेली, तमक्याची फुटली. बायकांच्या मतांबद्दल तर विचारायलाच नको. ‘नवरा सांगेल तिकडे’ किंवा ‘पंधराशे रुपये मिळाले तिकडे’, बस्स! म्हणजे माणूस एक तर जात बघून मत देतो नाहीतर पैसा बघून, आणि दोन्ही वेळा त्याला स्वतःची अक्कल नसते, असा या हिशेबाचा सूर. बचत गटाच्या कामामुळे गेली पंधरा-सोळा वर्षं बायकांच्या घरात माझं जाणं-येणं आहे. हा सूर मला कधीच पटला नाही. का पटत नाही, ते मात्र नीट उमगलं परक्या मुलखात.

२०२४च्या सप्टेंबरात मी धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेले. आईचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून ही कामगिरी माझ्याकडे आली. बहीण राहते मिशिगन राज्यात, डेट्रॉईट शहराच्या उत्तरेला, ट्रॉय नावाच्या उपनगरात. हा सगळा मोटारींच्या कारखान्यांचा पट्टा, त्यामुळे आपली मराठी इंजिनिअर मंडळीही भरपूर. तेव्हा तिकडे निवडणुकीची धामधूम होती. घरासमोरच्या हिरवळीवर कुठे कमला हॅरिस तर कुठे डोनाल्ड ट्रम्प यांच्या नावाच्या पाट्या. आणि टीव्हीवर रोज तीच चर्चा, लोक वंश बघून मत देतील की अंड्यांचे भाव बघून? मला हसूच आलं. आपल्याकडे कांदा, त्यांच्याकडे अंडी!

बाळ महिन्याचं झाल्यावर बहिणीची एक मैत्रीण मला गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या गटात घेऊन गेली. एका चर्चच्या सभागृहात त्या जमत. तिथे एक आजी भेटल्या. कृष्णवर्णीय, वय पंचाहत्तरच्या पुढे, शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर नोकरी केलेल्या, जन्म डेट्रॉईटचा. माझा टाका बघून खूश झाल्या आणि माझं मोडकंतोडकं इंग्रजी त्यांनी गोड मानून घेतलं. त्यांनीच मला ती भिंत दाखवायला नेलं.

डेट्रॉईटच्या उत्तर सीमेवरून ‘आठ मैल रस्ता’ जातो. त्याच्या अलीकडे एका साध्या वस्तीत घरांच्या परसामागून ही भिंत गेली आहे. उंची सहा फूट, लांबी साधारण अर्धा मैल. आता तिच्यावर मुलांनी आणि कलाकारांनी रंगीत चित्रं काढली आहेत. पण ती बांधली १९४१ साली. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीशेजारी एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. सरकारी गृहकर्ज योजनेचा नियम असा, की शेजारी काळ्यांची वस्ती असेल तर ती जागा धोक्याची, तिथल्या कर्जाला हमी मिळायची नाही. बिल्डरने मधे भिंत घातली आणि कर्ज मंजूर झालं. मैत्रिणींनो, आता ही भिंत वंशाची म्हणायची की पैशाची? भिंतीच्या एका बाजूला स्वस्त हप्त्यावर घर, दुसऱ्या बाजूला नाही. घर म्हणजे पुढच्या पिढीची पुंजी. त्या पुंजीचा फरक भिंतीने ठरवला आणि भिंत रंगाने ठरवली. गावकुसाचा अर्थ आपल्याला कोणी शिकवायला नको.

अशा शहरात माणसाने मत देताना वंश वेगळा काढायचा आणि पोट वेगळं काढायचं, हे कसं जमावं?

आजींनी सांगितलेला १९७३चा किस्सा. डेट्रॉईटमध्ये तेव्हा काळ्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली होती, पण पोलीस बहुतेक सगळे गोरे. १९६७ साली पोलिसांच्या एका छाप्यावरून पाच दिवस दंगल पेटली होती आणि ४३ माणसं गेली होती. त्यानंतर पोलिसांनी एक खास पथक काढलं. त्या पथकाच्या गोळ्यांनी माणसं मरत होती आणि मरणारे बहुतेक कृष्णवर्णीय होते. महापौरपदाला एका बाजूला पोलिसांचे गोरे प्रमुख उभे राहिले, दुसऱ्या बाजूला कोलमन यंग. मतदान जवळजवळ सरळ रंगाच्या रेषेवर झालं, यंग निवडून आले आणि शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. पथक बंद झालं, पोलिसात आणि अग्निशमन दलात काळ्यांची भरती वाढली. आजींच्या धाकट्या भावाला नोकरी लागली ती तेव्हाच. आता या आजींच्या मताला ‘वंशाचं मत’ असा शिक्का मारून मोकळं होता येईल. पण त्या मताने घरात पगार आला आणि भाऊ रात्री धडधाकट घरी येऊ लागला, त्याचं काय?

माझ्या गटातल्या एका बाईने मागे मला हेच आपल्या भाषेत सांगितलं होतं. “ताई, आपल्यातला माणूस निवडून आला की दाखल्याला दोन हेलपाटे कमी पडतात. बाकी त्याच्या-आमच्या जातीला काय चाटायचंय?” ‘आपला माणूस’ हा बहुतेक वेळा एक भरवसा असतो. आपलं काम अडणार नाही, आपल्याला खुर्चीवर बसवून बोलतील, एवढाच. त्या भरवशावर मत म्हणजे जणू उधारी दिली जाते. उधारी किती दिवस थकवायची, यालाही मर्यादा असते.

ती मर्यादा डेट्रॉईटमध्ये आली. १९५०मध्ये साडेअठरा लाख वस्तीचं हे शहर २०१०पर्यंत जेमतेम सात लाखांवर आलं. कारखाने गेले, गोरी कुटुंबं आठ मैल रस्त्यापलीकडे गेली, मागोमाग ऐपतीची काळी कुटुंबंही गेली. जुलै २०१३मध्ये शहराने चक्क दिवाळखोरी जाहीर केली. अमेरिकेत एवढ्या मोठ्या शहराचं दिवाळं त्याआधी निघालं नव्हतं. रस्त्यावरचे शंभरातले चाळीस दिवे बंद होते. तातडीने पोलिसांना बोलवावं तर यायला सरासरी ५८ मिनिटं लागत. आजी सांगत होत्या, त्यांच्या गल्लीत काही वर्षं एकही दिवा लागला नव्हता. संध्याकाळची पाळी संपवून बसमधून उतरायच्या आणि कानोसा घेत घर गाठायच्या.

त्याच वर्षी महापौराची निवडणूक आली. माईक डग्गन नावाचे गोरे गृहस्थ, मोठ्या रुग्णालय समूहाचे माजी प्रमुख, उपनगरातून शहरात राहायला आलेले, उभे राहिले. रहिवासाच्या नियमात अर्ज बसला नाही म्हणून कोर्टाने त्यांचं नाव मतपत्रिकेवरून काढून टाकलं. तिकडे छापील यादीत नसलेलं नाव मतदाराला हाताने लिहिता येतं. डग्गननी ‘नाव लिहा’ असा प्रचार केला. आणि गंमत म्हणजे, ऐन वेळी जवळजवळ त्याच नावाच्या एका न्हाव्यानेही अर्ज भरला! नामसाधर्म्याचा उमेदवार काय आपलीच मक्तेदारी आहे होय? तरीही पहिल्या फेरीत हाताने लिहिलेल्या नावावर डग्गन पहिले आले आणि नोव्हेंबरात त्यांनी कृष्णवर्णीय शेरीफना हरवलं. ज्या शहरात पाचातले चार मतदार काळे, तिथे चाळीस वर्षांनी गोरा महापौर झाला. तो घरोघरी बैठका घ्यायचा, लोकांच्या दिवाणखान्यात बसून ऐकायचा. आजींनी स्वयंपाकघरातल्या वहीवर त्याच्या नावाचं स्पेलिंग चार वेळा गिरवलं होतं. मी विचारलं, गोऱ्या माणसाला मत देताना मनात काही आलं नाही? त्या म्हणाल्या, “तो गोरा आहे हे मला दिसत होतं की. अंधार गल्लीत होता, माझ्या डोळ्यांत नव्हता.”

२०१६ संपता संपता शहरात पासष्ट हजार नवे दिवे लागले. २०१७ला डग्गन यांच्यासमोर कोण उभं राहिलं असेल? कोलमन यंग यांचा मुलगा, वडिलांचंच नाव घेऊन. त्याला तीस टक्केही मतं पडली नाहीत.

म्हणजे शेवटी पोट जिंकतं, असं म्हणाल तर थांबा. रस्त्यापलीकडे मॅकोम्ब काउंटी आहे, गोऱ्या कामगारांची. तिथे १९६०मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या केनेडींना शंभरातली ६३ मतं पडली होती. १९८४मध्ये रिपब्लिकन रेगनना ६६. असं का झालं म्हणून स्टॅनली ग्रीनबर्ग या अभ्यासकाने १९८५मध्ये या लोकांना गटागटाने बोलतं केलं. नोकरी गेली, शाळा बिघडली, गल्ली असुरक्षित झाली, अशी प्रत्येक पैशाची आणि रोजच्या जगण्याची तक्रार येऊन थांबत होती ती ‘सरकार त्यांनाच देतं’ इथे. ‘त्यांना’ म्हणजे काळ्यांना. दुखणं खिशाचं, राग रंगावर. पण याच मॅकोम्बने २००८ आणि २०१२ला ओबामांना बहुमत दिलं आणि २०१६, २०२०, २०२४ला ट्रम्पना! बहिणीच्या तळघरात पाणी शिरलं तेव्हा आलेला प्लंबर त्यातलाच. ओबामांच्या सरकारने २००९मध्ये मोटार कंपन्यांना बुडण्यापासून वाचवलं, त्यात याच्या भावाचा कारखाना वाचला, म्हणून दुसऱ्या वेळीही मत त्यांनाच. पुढे काम मेक्सिकोला गेलं, तेव्हा भिंत बांधू म्हणणाऱ्याला. हा माणूस वंशवादी की व्यवहारी? मला दोन्ही दिसलं, एकाच चहाच्या कपात.

आणि डेट्रॉईटला लागून असलेल्या, अर्ध्याहून अधिक अरब वस्तीच्या डिअरबॉर्न शहरात २०२४ला कितीतरी लोकांनी गाझातल्या माणसांचा विचार करून मत दिलं. तिथे ना अंडी आली, ना पगार. तेही माणसाचं मत.

आपल्या अगदी जवळची गोष्ट राहिलीच. याच डेट्रॉईटने २०२२मध्ये अमेरिकी संसदेत पाठवलं ते बेळगावात वाढलेल्या श्री ठाणेदारांना. ‘ही श्रीची इच्छा’ हे त्यांचं पुस्तक आपल्यापैकी अनेकींनी वाचनालयातून आणून वाचलं असेल. १९५५पासून डेट्रॉईटचा किमान एक तरी कृष्णवर्णीय खासदार कायम होता. ती परंपरा तिथे तुटली. आपण इथे अभिमानाने पेढे वाटायला मोकळे, पण खरी हकीकत अशी, की पक्षाच्या फेरीत नऊ उमेदवार होते, बहुतेक कृष्णवर्णीय, मतं वाटली गेली आणि साधारण २८ टक्क्यांवर ठाणेदार निघाले. स्वतःच्या खिशातला पैसा प्रचारात सढळ हाताने ओतला होता, तोही कामी आला. मतविभागणी हा शब्द आजींना समजावून सांगावा लागला नाही. चिडल्या होत्या त्या. “आमची माणसं आपसात भांडली,” म्हणाल्या. अंधारात गोऱ्याला मत देणाऱ्या याच बाई बरं का!

मला आठवलं बेळगाव. तिथे वर्षानुवर्षं मराठी माणसाने भाषेवर मत दिलं. भाषा म्हणजे तरी काय, जमिनीचा उतारा आपल्याला वाचता यावा, नोकरीच्या परीक्षेत पोराला अडू नये. पण समितीचे २०१३मध्ये दोन आमदार होते, २०१८ आणि २०२३ला एकही नाही. याचा अर्थ तिथल्या मराठी बाईचं मराठीपण संपलं, असं म्हणायची माझी तरी जीभ धजत नाही.

नोव्हेंबर २०२५मध्ये डेट्रॉईटने मेरी शेफिल्ड यांना निवडलं. कृष्णवर्णीय, आणि शहराच्या पहिल्या स्त्री महापौर. मला वाटलं, आजींनी आनंदाने ‘आपली बाई’ म्हणून मत दिलं असणार. बहिणीने फोन करून विचारलं, तर म्हणाल्या, मत त्यांनाच दिलं, पण आधी घरपट्टीचं विचारून घेतलं. दिवाळखोरीच्या आगेमागे शहराने कितीतरी घरांवर प्रमाणाबाहेर कर लावला होता, आजींच्याही. तो पैसा अजून परत मिळालेला नाही. बिलं त्यांनी जपून ठेवली आहेत, बिस्किटांच्या डब्यात.