नवे यकृत, जुने हृदय

बंगळूरच्या होसूर रस्त्यावर मज्जातंतूंच्या विकारांसाठी ‘निमहान्स’ ही संस्था आहे. तेथून थोड्याच अंतरावर, जयनगरच्या बाजूस, हृदयविकारांसाठी जयदेव संस्था आहे. तळपायांची आग होते म्हणून पहिल्या संस्थेत गेलेल्या रोग्यास पुढे दुसरीचीही पायरी चढावी लागेल, असे सहसा वाटत नाही. परंतु आनुवंशिक अमायलॉइडोसिस हा एक विरळा रोग मज्जातंतू आणि हृदय या दोहोंनाही ग्रासतो. नवल असे की, त्याचे मूळ या दोहोंपैकी कोठेच नसून बहुतांशी यकृतात असते.

यकृत ट्रान्स्थायरेटिन नावाचे प्रथिन तयार करून रक्तात सोडते. थायरॉइड ग्रंथीचा स्राव व ‘अ’ जीवनसत्त्व वाहून नेण्यास ते साहाय्य करते. प्रत्येकी १२७ दुव्यांच्या चार साखळ्या मिळून ते बनते. माता किंवा पिता यांच्याकडून आलेल्या जनुकातील दोषामुळे एखादा दुवा बदलला, तर ही बांधणी सैल होते. सुटलेल्या साखळ्यांचे न विरघळणारे तंतू बनतात आणि ते शरीरात साचू लागतात. रोग्याच्या प्रत्येक अपत्यास हा दोष मिळण्याचा संभव निम्मा असतो. पोर्तुगालच्या उत्तर किनाऱ्यावरील कुटुंबांत आढळणाऱ्या या व्याधीचे सविस्तर वर्णन डॉ. कोरिनो आंद्राद यांनी १९५२ साली प्रसिद्ध केले. तेथे बहुधा ३० व्या जागेवरील दुवा बदललेला असतो.

दोष यकृतात निर्माण होत असेल, तर यकृतच बदलावे, हा विचार ओघानेच आला. १९९० साली स्वीडनमध्ये या रोगासाठी पहिले यकृतारोपण झाले. सदोष प्रथिन रक्तातून जवळजवळ नाहीसे झाले, आणि तरुण वयात, वेळीच शस्त्रक्रिया झालेल्या अनेकांच्या मज्जातंतूंचा ऱ्हास थांबला. तथापि काही रोग्यांच्या हृदयाच्या भिंती त्यानंतरही जाड होतच राहिल्या.

याचे कारण घरातील विरजणाच्या दाखल्याने समजेल. भांड्याच्या तळाशी थोडे दही राहिले असेल, तर त्यात ओतलेले ताजे, निर्दोष दूधही विरजते. हृदयात आधीच साचलेले तंतू काहीसे तसेच वागतात. नव्या यकृताने पाठविलेले प्रथिन निर्दोष असते; पण जुन्या तंतूंच्या आधाराने तेही त्यांवर जमू लागते. हा धोका सर्वांस सारखा नसतो. ज्यांचा रोग उतारवयात सुरू झाला, किंवा ज्यांच्या प्रथिनातील बदल ३० व्या जागेचा नसून निराळा आहे, त्यांच्यात तो अधिक आढळतो.

असे हृदय आकुंचन पावते, पण पुरते सैलावत नाही. त्यामुळे धाप लागते, पायांवर सूज येते. ठोक्यांचा संदेश वाहून नेणारा मार्गही तंतूंनी अडतो. नाडी मंदावते, घेरी येते आणि कित्येकांना पेसमेकर बसवावा लागतो. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी हृदयाची कसून तपासणी आवश्यक ठरते. विकार फार बळावला असल्यास काही रोग्यांत हृदय व यकृत ही दोन्ही बदलण्याचा विचार करावा लागतो. भारतात यकृताचा भाग बहुधा जवळचा नातलगच देतो. येथे आणखी एक दक्षता हवी: देणाऱ्या भावाच्या वा मुलाच्या जनुकातही तोच दोष असू शकतो, म्हणून त्याची जनुकपरीक्षा आधी झाली पाहिजे.

आता शस्त्रक्रियेवाचूनही मार्ग निघाले आहेत. प्रथिनाची बांधणी घट्ट धरून ठेवणारे टॅफामिडिस हे औषध २०११ साली युरोपात मान्य झाले. यकृतातील या प्रथिनाची निर्मितीच रोखणारे पॅटिसिरान २०१८ साली आले. त्यांमुळे यकृतारोपणाची गरज पुष्कळ कमी झाली आहे. मात्र अशी औषधे अतिशय महाग आहेत.

ज्यांनी पूर्वीच नवे यकृत घेतले, त्यांच्यासाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणून हृदयाची चिंता मिटली, असे त्यांनी मानू नये. धाप, सूज किंवा घेरी यांना वयाचा दोष म्हणून बाजूस न सारता नियमाने हृदयपरीक्षा करून घ्यावी. यकृत नवे मिळाले, तरी हृदय जुनेच आहे, आणि मागील वर्षांचा साठा त्याने अजून जपून ठेवलेला आहे.