पट मोकळा पाहिजे!

धान कापून झालं, बांध्या सुकल्या, सकाळी शेकोटीजवळून उठवेना झालं, की आपल्याकडे पटाचे दिवस येतात. लाखनीचा शंकरपट तर जिल्ह्याबाहेरही नाव राखून आहे. दिवसा पट, रात्री झाडीपट्टीचं नाटक आणि गावात प्रत्येक घरी पाहुणे. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरला तर महिलाही जोड्या हाकतात.

पट पाहिला नसेल तर एवढं समजा. एका टोकाला बैलजोडी, हलका छकडा आणि त्यावर धुरकरी. समोर सरळ पट्टी. कुठे जोडीला जोडी लावतात, कुठे एकेक जोडी घड्याळावर पळवतात. झेंडी पडली की मोजून काही सेकंदांचा खेळ. धुरळा खाली बसायच्या आत निकाल लागतो आणि मग खरी चर्चा रंगते. 'सुटतानाच मागं राहिली ना बे!' 'नाही गड्या, शेवटी डावा बैल कमी पडला.'

आता याच गर्दीच्या मागे, गाड्या लावल्या आहेत तिथे जाऊन उभे राहा. एमएच ३६ पासिंगच्या बाइक्स, मोठ्या भावाची किंवा बाबांची हॅचबॅक, आणि भोवती आपल्या वयाची पोरं. इथल्या गप्पांत बैल नसतात. फ्री फ्लो सायलेन्सर, रिमॅप, टर्बो, चौड्या टायर असतात. आणि शेवटी कुणीतरी म्हणतोच, 'बायपासवर ये ना रात्री, दाखवतो तुला.'

त्या शेवटच्या वाक्यासाठी हा लेख आहे.

४०२ मीटरचं गणित

दोन गाड्या शेजारी शेजारी, जागेवर थांबलेल्या. सिग्नल मिळाला की सरळ रेषेत सुटायचं, वळण नाही, ओव्हरटेक नाही. आधी पोचला तो जिंकला. याला म्हणतात ड्रॅग रेस. अंतर ठरलेलं आहे, पाव मैल, म्हणजे १३२० फूट किंवा ४०२ मीटर. थोडक्यात सांगायचं तर हा इंजिनाचा शंकरपटच.

ऐकायला सोपं वाटतं, पण ४०२ मीटरमध्ये बरंच काही घडतं. सुरुवातीच्या रेषेवर प्रकाशकिरणांचे सेन्सर असतात. समोरच्या खांबावर पिवळे दिवे लागतात, मग हिरवा. हिरव्याआधी गाडी हलली की लाल दिवा लागतो आणि तुमची रेस तिथेच संपते. हिरवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंत गेलेला वेळ हा तुमचा रिअ‍ॅक्शन टाइम. गाडीचं घड्याळ मात्र चाक सेन्सरवरून पुढे सरकलं की सुरू होतं. त्यामुळे गंमत अशी होते की एखाद्याच्या गाडीची वेळ कमी असते आणि तरीही तो हरतो, कारण तो सुटायलाच उशिरा सुटलेला असतो. पटावरचं 'सुटतानाच मागं राहिली' ते हेच.

दुसरी परीक्षा पहिल्या ६० फुटांची. क्लच फटकन सोडला की चाकं जागेवर फिरतात, धूर होतो, पोरं शिट्ट्या मारतात आणि गाडी तिथेच राहते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ताकद पुढच्या चाकांना मिळते. जोरात सुटताना गाडीचं वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि पकड सुटते. म्हणून नुसती हॉर्सपॉवर वाढवून उपयोग नसतो, ती रस्त्यावर उतरवता आली पाहिजे.

आणि सगळ्यांत भारी नियम हौशी लोकांसाठी आहे, ब्रॅकेट रेसिंगचा. प्रत्येकानं आधीच सांगायचं की माझी गाडी एवढ्या सेकंदांत जाईल. समजा एक १८ म्हणाला आणि दुसरा १५, तर १८ वाल्याला तीन सेकंद आधी सोडतात. सांगितल्यापेक्षा जास्त वेगात गेलात तर बाद! त्यामुळे जुनी मारुतीही महागड्या टर्बोला हरवू शकते. इथे किंमत मिळते ती आपली गाडी नेमकी ओळखणाऱ्याला.

हा खेळही रस्त्यावरूनच आला

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, जुन्या गाड्या स्वस्तात घ्यायच्या, घरीच इंजिन सोलायचं आणि रस्त्यावर शर्यती लावायच्या, असं वेड पसरलं होतं. अपघात होत, पोलीस मागे लागत, वर्तमानपत्रं या पोरांना गुंड ठरवत. तेव्हा 'हॉट रॉड' मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, सुरू केली. पोरांचं वेड घालवायच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. त्या वेडाला जागा आणि नियम मिळवून द्यायचे, एवढंच त्यांनी ठरवलं. १९५४ पासून संस्थेची एक छोटी टीम गाडीला ट्रेलर जोडून गावोगाव फिरू लागली. जुन्या धावपट्ट्यांवर शर्यत कशी भरवायची, गाडी कशी तपासायची, घड्याळ कसं लावायचं, हे ते स्थानिक क्लबना शिकवत. आज ही जगातल्या मोठ्या मोटरस्पोर्ट संस्थांपैकी एक आहे.

आपल्या महाराष्ट्रातही याचा नमुना आहे. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या खासगी धावपट्टीवर 'व्हॅली रन' भरते. तिथे सुपरकार येतात, तशा रोज ऑफिसला नेल्या जाणाऱ्या पोलो आणि ऑक्टाव्हियाही येतात. इंजिनाच्या क्षमतेप्रमाणे गट पाडलेले असतात, बाइक्सचे वेगळे. दुचाकींची राष्ट्रीय ड्रॅग रेसिंग स्पर्धाही आपल्या देशात होते. मोटरस्पोर्टची राष्ट्रीय संघटना एफएमएससीआय आहे आणि अधिकृत स्पर्धेत उतरायचं तर तिचं लायसन्स लागतं.

मॉडिफाय केली, पण कायद्यात बसते का?

आता तुमच्या गाडीकडे येऊ. टर्बो नसलेल्या छोट्या पेट्रोल गाडीला नुसता सायलेन्सर बदलल्यानं आवाज भरपूर वाढतो, ताकद नाममात्र. टर्बो इंजिनात मात्र रिमॅपनं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलून, खरोखर फरक पडतो. पण क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक जुन्याच हिशोबाचे राहतात. वेग वाढवायला पैसे टाकणारे दहा भेटतील, ब्रेक पॅड आणि टायरवर आधी खर्च करणारा एखादाच.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेला गाडीचा तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच स्पष्ट केलं. सीएनजी किटसारखे मान्यताप्राप्त बदल करता येतात, पण आरटीओकडे नोंद करावी लागते. बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येतो, ते वेगळंच.

रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ लागतं. पहिल्यांदा ५,००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडलात तर १०,००० पर्यंत, आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे. गाडी चालवणारा १८ पेक्षा लहान असेल तर कलम १९९अ. पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

पण कलम १८९ नीट वाचलंत तर त्यात एक दार उघडं ठेवलेलं दिसतं. सार्वजनिक ठिकाणी शर्यत मना आहे ती 'राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय'. म्हणजे परवानगी मागायचा रस्ता कायद्यानंच ठेवला आहे.

बायपासवर काय होतं?

एक हिशोब वहीवर करून पाहा. ४०२ मीटर १५ सेकंदांत कापणारी गाडी शेवटच्या रेषेवर ताशी १४० किलोमीटरच्या आसपास असते. कोरडा रस्ता, चांगले टायर, पूर्ण ब्रेक, असं सगळं धरलं तरी थांबायला साधारण ११० मीटर लागतात. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर आणखी ३९ मीटर. झाले जवळपास दीडशे. ताशी ७० ला हाच आकडा ५० मीटरच्या आत असतो. कारण वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं.

रात्री डिपरवर नीट दिसतं साधारण ५० मीटर. ताशी १४० ला ते अंतर सव्वा सेकंदात संपतं. म्हणजे समोर जे दिसेल, त्याला तुम्ही धडकणारच. ड्रायव्हर कितीही भारी असो, वर सांगितलेले मीटर काही कमी होत नाहीत.

आणि आपल्या रस्त्यावर समोर काय काय दिसू शकतं ते आपल्याला माहीत आहे. रिफ्लेक्टर नसलेली धानाची ट्रॉली. डांबर गरम असतं म्हणून येऊन बसलेली जनावरं. साकोलीच्या पुढे नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल, तिथे रानडुक्कर, चितळ. आणि रात्रीची लाइन आहे म्हणून मोटार सुरू करायला सायकलवर निघालेला एखादा शेतकरी. पट पाहायला येणारा माणूस आपल्या मर्जीनं येतो आणि दोरीच्या अलीकडे उभा राहतो. या सायकलवाल्याला शर्यत आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं. तो कुणाचा तरी बाबा असतो, कदाचित तुमच्याच वर्गातल्या कुणाचा तरी.

धंदेवाईक लोक काय करतात पाहा. जून २००८ मध्ये अमेरिकेत स्कॉट कलिटा हा नावाजलेला ड्रायव्हर रेषा ओलांडल्यानंतर गाडी थांबवता न आल्यामुळे गेला. एनएचआरएनं काही दिवसांतच सगळ्यांत वेगवान गटांची शर्यत १३२० वरून १००० फुटांवर आणली, थांबायला जास्त जागा मिळावी म्हणून. पॅराशूट लावलेल्या गाड्या, पुढे वाळूचा पट्टा, तयार अ‍ॅम्ब्युलन्स, एवढं असूनही त्यांनी शर्यत आखूड केली.

पटानं करून दाखवलंय

'आपल्याकडे कोण परवानगी देईल?' हा प्रश्न येणारच. उत्तर आपल्या गावातच आहे. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं बैलगाडा शर्यती बंद झाल्या, पटही थांबले. २०१७ मध्ये राज्यानं कायदा बदलला, पण तो हायकोर्टात अडकला. शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं तो कायदा कायम ठेवला. अटी कोणत्या? जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, जास्तीत जास्त १००० मीटरची धाव, पशुवैद्यकाची तपासणी, काठी-चाबूक आणि विजेचा झटका पूर्ण बंद. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं कागद फिरवले, कोर्टाच्या पायऱ्या चढल्या, नियम मान्य केले आणि पट परत आणला.

मग आपल्याला काय अडचण आहे? मोकळी, कुंपण घातलेली सरळ पट्टी, गाड्यांची तपासणी, हेल्मेट, अ‍ॅम्ब्युलन्स, आगीचा बंब, एफएमएससीआयची मान्यता आणि प्रशासनाची लेखी परवानगी. यादी मोठी आहे, एका कॉलेजला एकट्यानं झेपणार नाही. पण दोन-चार कॉलेजांची ऑटोमोबाइल मंडळं, मोटरसायकल क्लब आणि गॅरेजवाले एकत्र आले तर अर्ज तरी नक्की जाईल. वर्षातून एक दिवस, एवढंच मागायचं आहे.

तोवर इंजिनिअरिंगवाल्यांसाठी एक रस्ता आत्ताच खुला आहे. बाहा एसएई इंडिया, फॉर्म्युला भारत अशा विद्यार्थी स्पर्धांमध्ये गाडी स्वतः डिझाइन करून, वेल्डिंग करून, ट्रॅकवर उतरवावी लागते. फॉर्म्युला स्टुडंट प्रकारात तर ७५ मीटरची सरळ धाव हा वेगळा इव्हेंटच असतो. तयार गाडीला महागडा सायलेन्सर लावण्यापेक्षा यात जास्त शिकायला मिळतं, आणि ते बायोडेटावर लिहिताही येतं.

पुढच्या वेळी पटाला गेलात तर सुरुवातीच्या टोकाला गर्दी करू नका. शेवटच्या रेषेच्याही पुढे जाऊन पाहा. तिथे बरीच मोकळी जागा सोडलेली असते. जोडी रेषा ओलांडून तशीच पुढे धावत जाते, हळूहळू मंदावते, माणसं पुढे होऊन कासरा धरतात, बैलांच्या पाठीवर हात फिरवतात. धुरकरी खाली उतरतो आणि मग घड्याळाकडे पाहतो.

रात्री बायपासवर कुणी बोलावलं तर त्याला एवढंच विचारा, 'रेषेच्या पुढं थांबायला जागा किती हाय बे?'