पित्ताचा खडा आणि स्वादुपिंडाचा दाह

पनवेलचें नांव महाराष्ट्रांत घरोघरीं पोहोंचलें, तें तेथें १८७२ सालीं स्थापन झालेल्या धूतपापेश्वर औषधी कारखान्यामुळें. पोटांत कळ उठली कीं ‘पित्त झालें’ म्हणून एखादी मात्रा चाटवावयाची, ही आपल्या मोठ्या कुटुंबांची जुनी चाल. बहुधा त्यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु एका दुखण्यांत ही स्वस्थता जिवावर बेतूं शकते.

पित्ताशयांतील बारीक खडा कधीं निसटून पित्तनलिकेंत उतरतो. ही नलिका व स्वादुपिंडाची नलिका बहुतेकांत एकाच मुखानें आंतड्यांत उघडतात. तेथें खडा अडकला कीं स्वादुपिंडाचा पाचक रस त्या पिंडालाच जाळूं लागतो. असा अडकलेला खडा अमेरिकेंतील डॉ. ओपी यांनीं १९०१ सालीं शवपरीक्षेवरून दाखवून दिला. वरच्या पोटांतून पाठीकडे जाणारी असह्य कळ व न थांबणारी वांती हीं मुख्य लक्षणें. अशा वेळीं तडक रुग्णालय गांठावें.

सौम्य विकारांत खडा पुष्कळदां आपोआप आंतड्यांत निघून जातो, कळ ओसरते, आणि ‘आतां शस्त्रक्रिया कशाला? मुलीचें लग्न तर होऊं द्या’ असें वडील मंडळी म्हणूं लागतात. पण खड्यांचें आगर जागेवरच असतें! हॉलंडांतील, २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेंत, त्याच मुक्कामांत पित्ताशय काढलेल्यांपैकीं शेंकडा ५ रुग्णांना, तर सुमारें महिन्यानें काढावयाचें ठरविलेल्यांपैकीं शेंकडा १७ रुग्णांना सहा महिन्यांत खड्यांचा उपद्रव झाला. विकार तीव्र असेल तर मात्र दाह शमेपर्यंत थांबावेंच लागतें.

पित्ताशय काढण्यापूर्वीं पाहावयाचें तें हें कीं, नलिकेंत खडा उरला आहे काय? उरल्यास पित्ताशय काढूनहि कावीळ, ताप व तीच कळ परत येऊं शकते. रक्तांतील बिलिरुबिन उतरलें असेल व सोनोग्राफींत नलिका फुगलेली नसेल, तर शंका थोडी. शंका राहिल्यास एम. आर. सी. पी. किंवा दुर्बिणींतून सोनोग्राफी करितात; अथवा शस्त्रक्रिया चालूं असतांनाच नलिकेंत द्रव सोडून क्ष-किरण चित्र घेतात. ही शेवटची रीत अर्जेंटिनाच्या डॉ. मिरिझ्झी यांनीं १९३० नंतरच्या दशकांत रूढ केली. खडा दिसला तर तो ई. आर. सी. पी. नें किंवा शस्त्रक्रियेंतच काढतात. केवळ पाहण्यासाठीं ई. आर. सी. पी. करणें इष्ट नव्हे. तिनेंच कधीं स्वादुपिंडाचा दाह होतो.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहमटन उदवाडिया यांनीं १९९० सालीं दुर्बिणीनें पित्ताशय काढलें. भारतांतील ती पहिली तशी शस्त्रक्रिया. तेव्हांपासून या शस्त्रक्रियेची भीति पुष्कळच ओसरली आहे. म्हणून घरच्या कर्त्या माणसानें मुहूर्त पाहण्याऐवजीं वैद्यांना दोनच प्रश्न विचारावे: नलिका तपासली काय? आणि पित्ताशय याच मुक्कामांत निघेल काय?