मेण जाते, धूळ राहते

आमच्या गावात सराफ कट्ट्याच्या मागच्या बोळात एक कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, तर पंधरा बाय बाराची एक खोली. पाच सोनारांनी मिळून ती भाड्याने घेतली आहे. भट्टी एक, हवा ओढणारे यंत्र एक, मेण भरायचे यंत्र एक, आणि पाचही जणांनी आपापले वार वाटून घेतलेले. या खोलीत मी गेल्या वर्षी आठ रविवार चांदीचे ओतकाम शिकलो. पन्नाशी उलटलेल्या, तीस वर्षे दवाखाना चालवणाऱ्या माणसाला हे काय सुचले, असे आमच्या घरातूनही विचारले गेले. त्याचे उत्तर देण्यासाठीच आजचा लेख.

गोष्ट सुरू होते ती एका खोकल्यापासून. सचिन (नाव बदलले आहे) हा एकतीस वर्षांचा तरुण तीन-चार महिने माझ्याकडे येत होता. कोरडा खोकला, जिना चढताना लागणारी धाप आणि थोडे घटलेले वजन. विडी-सिगारेट नाही, तंबाखू नाही. मी आधी ॲलर्जी म्हणून औषध दिले, मग दमा समजून फवारा दिला. फरक पडेना, तेव्हा थुंकी तपासायला पाठवली. दोनदा तपासली, दोन्ही वेळा क्षयाचे जंतू सापडले नाहीत. मग छातीचा फोटो काढला. फुफ्फुसांच्या वरच्या भागात मोहरी विखुरल्यासारखे बारीक बारीक ठिपके!

"काय काम करतोस रे?" हा प्रश्न मी त्याला पहिल्याच दिवशी विचारला होता. "सोनारकाम," तो म्हणाला होता, आणि मी तसे लिहूनही ठेवले होते. सोनारकाम म्हणजे गादीवर बसून करायचे स्वच्छ काम, असे माझ्या डोक्यात पक्के बसलेले. त्यामुळे पुढचा प्रश्न मी विचारलाच नाही. चूक माझी होती, आणि ती कबूल केल्याशिवाय हा लेख पुढे नेता येणार नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी छातीच्या तज्ज्ञांनी निदान केले, सिलिकोसिस. खाणकामगार, दगड फोडणारे आणि पाटीच्या पेन्सिली बनवणारे यांना होणारा हा रोग. सोनाराला तो कुठून झाला? हे पाहायला मी एका रविवारी त्या बोळात गेलो. पाचांमधले सर्वांत वडीलधारे, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, ते हसून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, नुसतं बघून कळायचं नाही. बसा इथं, एक डाग स्वतः करा. मग कळंल."

मी बसलो.

मेणाचा दागिना, हवेचा साचा

ही कला फार जुनी आहे. मोहेंजोदडोची ती प्रसिद्ध नर्तकी, जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीची, याच पद्धतीने ओतली गेली. तिला साडेचार हजार वर्षे झाली. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मेण वापरून मूर्ती ओतण्याची कृती दिली आहे. संस्कृतात तिला 'मधूच्छिष्ट विधान' म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मध काढून घेतल्यावर मागे उरते ते, अर्थात मेण.

कृती ऐकायला सोपी आहे. दागिना आधी मेणाचा करायचा. मी एक बेलपान कोरायला घेतले. असे पाच-पंचवीस मेणाचे नग एका मेणाच्या दांड्याला फांद्यांसारखे चिकटवायचे, की मेणाचे झाड तयार होते. हे झाड लोखंडी नळकांड्यात उभे करायचे आणि त्याच्याभोवती पांढऱ्या पावडरीचे पातळ पीठ ओतायचे. शंभर ग्रॅम पावडरीला साधारण चाळीस मिलिलिटर पाणी. पीठ घट्ट व्हायच्या आत, म्हणजे सात-आठ मिनिटांत, यंत्राने त्यातली हवा ओढून काढायची. तासा-दोन तासांत ते दगडासारखे होते. मग नळकांडे भट्टीत उलटे ठेवायचे. भट्टी रात्रभरात हळूहळू सुमारे ७३० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायची. मेण वितळून, जळून जाते आणि आत बेलपानाच्या आकाराची पोकळी उरते. सकाळी भट्टी पाचशेच्या आसपास उतरवून त्या पोकळीत वितळलेली चांदी ओतायची. मेण जाते, त्याची जागा चांदी घेते.

माझे पहिले बेलपान फसले. मेणाला चिकटलेले हवेचे बुडबुडे नीट निघाले नव्हते, त्यामुळे पानावर चांदीच्या घामोळ्या उठल्या. दुसऱ्या वेळी चांदीच कमी पडली आणि पानाचे टोक गायब झाले. आप्पांनी तेव्हा हिशेब शिकवला. मेणाचे झाड आधी तोलायचे, त्या वजनाच्या साधारण साडेदहा पट चांदी घ्यायची आणि वर दांड्याच्या बुडासाठी थोडी जास्त. तिसरे पान जमले.

खोकला कुठे होता?

पण मी तिथे गेलो होतो ते खोकल्याच्या शोधात. तो मला तीन ठिकाणी सापडला.

पहिले ठिकाण म्हणजे पावडरीचे पोते. ही पावडर म्हणजे नुसते प्लास्टर नव्हे. प्लास्टर एवढी उष्णता एकट्याने सोसू शकत नाही, म्हणून त्यात क्वार्ट्झ आणि क्रिस्टोबलाइट हे सिलिकाचे दोन प्रकार मिसळलेले असतात. पावडरीत मोठा वाटा त्यांचाच असतो. पोत्यावर धोक्याची सूचना छापलेली होती, पण बारीक इंग्रजी अक्षरांत. त्या खोलीत ती कोणी कधी वाचली नव्हती. आप्पांनी पातेल्यात पावडर ओतली तेव्हा खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात पांढरा धूर उठला आणि बराच वेळ तसाच तरंगत राहिला.

दुसरे ठिकाण म्हणजे साचा फोडणे. पूर्वी ओतल्यावर गरम नळकांडे थेट पाण्यात बुडवायचे. साचा पाण्यातच फुटायचा आणि धूळ पाण्यातच बसायची. पण हल्ली खडे मेणातच बसवून त्यांच्यासकट दागिना ओततात. असे नळकांडे गरम असताना पाण्यात टाकले, तर खडे तडकतात. म्हणून ते निवू देतात आणि मग कोरडेच हातोडीने ठोकून ब्रशने झाडतात. सगळी धूळ नाकासमोर.

तिसरे ठिकाण म्हणजे संध्याकाळचा झाडू. आणि इथे मला सचिन भेटला. पाच मालकांचा हा कारखाना, आणि वयाच्या विसाव्या वर्षापासून सचिन तिथला एकुलता एक पगारी मदतनीस. ज्याचा वार असेल त्याची पावडर कालवायची ती सचिनने, साचे फोडायचे ते सचिनने, संध्याकाळी खोली झाडायची तीही सचिननेच. प्रत्येक मालकाच्या वाट्याला आठवड्यातून एक दिवस धूळ येत होती. सचिनच्या वाट्याला पाचही दिवसांची, आणि तीही अकरा वर्षे.

"पंखा का बसवला नाही, आप्पा?" मी विचारले.

आप्पा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाच जणांचं घर, साहेब. प्रत्येकाला वाटायचं, दुसरा बसवील."

धूळ आत जाऊन करते काय?

डोळ्यांना दिसणारी मोठी धूळ नाकात आणि घशात अडकते. शिंक आली, खाकरले की बाहेर पडते. खरी घातक असते ती न दिसणारी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. ती थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचते. तिथल्या रक्षक पेशी तिला जंतू समजून गिळतात. जंतू पचतो, सिलिका पचत नाही. पेशी मरते, कण पुन्हा मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळते. या न संपणाऱ्या झटापटीत तिथे वण तयार होतात. वण म्हणजे निबर झालेला भाग. त्यातून प्राणवायू आत जात नाही.

हे वण पुसणारे औषध आजही नाही. धूळ थांबली तरी काहींमध्ये आजार पुढे सरकत राहतो. अशा फुफ्फुसाला क्षयही लवकर गाठतो. म्हणूनच हे दोन आजार एकमेकांच्या आड लपतात आणि पुष्कळदा सिलिकोसिसच्या रोग्याला क्षयाचाच रोगी समजले जाते. १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कामाच्या ठिकाणची स्फटिकरूप सिलिका माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली.

बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला जे प्रश्न विचारायचे, त्यांत 'तू काम काय करतोस?' हा प्रश्नही वैद्याने घालावा, असे त्याने सांगून ठेवले. तीनशे वर्षांपूर्वीचा हा प्रश्न मी विचारला खरा, पण 'ते काम कसे करतोस?' हे विचारायचे राहून गेले.

गूळ खाल्ला तर?

हा प्रश्न त्या खोलीत मला पाचही जणांनी विचारला. धुळीत काम करणाऱ्याने संध्याकाळी गुळाचा खडा खावा, घसा आणि छाती साफ होते, अशी आपल्याकडे समजूत आहे. वाचकहो, गूळ जातो पोटात आणि धूळ जाते फुफ्फुसात. दोघांची भेट होत नाही. मधुमेह नसेल तर गूळ खुशाल खा, पण तोंडावर मुखवटा बांधून काम करा आणि मग खा. तोंडाला बांधलेला रुमालही उपयोगाचा नाही. ही धूळ त्याच्या विणीतून आरपार जाते. २०२० च्या करोनाच्या साथीने आपल्या सर्वांना एन-९५ मुखवटा माहीत करून दिला आहे. तो नाकावर घट्ट बसला पाहिजे, दाढीवर तो नीट बसत नाही.

ओतकाम करणाऱ्यांसाठी

१) साचा निवल्यावर तासभर पाण्याच्या बादलीत भिजत ठेवा आणि पाण्यातच फोडा. गार झालेल्या साच्यातले खडे पाण्याने तडकत नाहीत. या उपायाला एक पैसाही लागत नाही.

२) खोली कोरडी झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा.

३) पावडर उंचावरून ओतू नका. पातेल्यात आधी पाणी घ्या आणि त्यात पावडर हळूहळू सोडा. हवा बाहेर फेकणारा पंखा कामाच्या जागेजवळ बसवा.

४) भट्टी आतल्या खोलीत नको. जळणाऱ्या मेणाचा धूर बाहेर जाऊ द्या. ठरल्यापेक्षा जास्त तापली तर साच्याच्या प्लास्टरमधून गंधकाचा घातक वायू सुटतो.

५) पितळ ओतल्यावर काही तासांनी थंडी वाजून ताप आला, तर तो हिवताप असेलच असे नाही. जस्ताच्या वाफेनेही तसा ताप येतो. कॅडमियमचा डाक मात्र कटाक्षाने टाळा. त्याच्या वाफेचा त्रास काही तासांनी सुरू होतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

६) चांदी सुमारे ९६२ अंशांना वितळते. चिमटा किंवा साचा ओला असेल, तर पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू उसळतो. अंगावर सुती कपडे, डोळ्यांवर चष्मा आणि पायांत बंद बूट हवेत. भाजल्यास वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. हळद, शाई, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका.

७) धुवायचे आम्ल पातळ करताना पाण्यात आम्ल घाला, आम्लात पाणी कधीही घालू नका.

८) दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, ती मोफत तपासतात. वर्षातून एकदा छातीचा फोटो काढा. आणि जुने फोटो फेकू नका. नव्या फोटोची तुलना त्यांच्याशीच करावी लागते.

पुढे काय झाले?

आठव्या रविवारी पाचही जण एकत्र बसले. वर्गणी काढून पंखा आला. साचे फोडायला दाराबाहेर सिमेंटचा छोटा हौद बांधला. झाडूची जागा ओल्या फडक्याने घेतली, आणि पुसायची पाळी आता ज्याचा वार त्याचीच असते. हे शेवटचे आप्पांनी स्वतः सुचवले.

सचिन आता धुळीला हात लावत नाही. तो दुसऱ्या खोलीत खिडकीशी बसून मेणात नक्षी कोरतो. हात इतका सुरेख आहे, की हे काम त्याला अकरा वर्षांपूर्वीच का दिले नाही, असे मालकच बोलून दाखवतात. खोकला कमी झाला आहे. जिना चढताना धाप मात्र लागते, आणि ती जाणार नाही हे मी त्याला स्पष्ट सांगितले आहे. दर सहा महिन्यांनी तो तपासायला येतो. परवा आला तेव्हा माझ्या टेबलावरचे चांदीचे बेलपान उचलून म्हणाला, "साहेब, कड जरा जाड राहिली."

तेव्हा मंडळी, एवढे एक लक्षात ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाल तेव्हा नुसते 'खोकला आहे' म्हणून थांबू नका. दिवसभर कुठे बसता, कशाला हात लावता, कशाची धूळ किंवा धूर नाकात जातो, हे त्यांनी विचारले नाही तरी सांगा. ते घाईत असतील, तर माझी ही चूक त्यांना जरूर ऐकवा.