टेप कुठून कुठपर्यंत?

गेल्या मे महिन्यात माझा भाचा दुबईहून सुट्टीवर आला तो एक बेत घेऊनच. तारकर्लीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची वडिलोपार्जित वाडी आहे. अब्बांनी लावलेले माड, एक विहीर आणि चिऱ्यांचा जुना गडगा, एवढीच तिची मिळकत. भाच्याचे म्हणणे असे की, सुट्टीत मालवणात पाऊल ठेवायला जागा नसते. किल्ला बघायला आलेली माणसे राहायला खोल्या शोधत फिरतात. मग वाडीत एक कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर, आणून ठेवले तर? बांधकाम नको, पाया नको. राज्य सरकारनेही 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. रीतसर परवानगी काढू आणि पाहुण्यांना भाड्याने देऊ.

बेत वाईट नव्हता. आपाने, म्हणजे त्याच्या आईने, आपली शिल्लक द्यायचे कबूल केले. बाहेरगावच्या एका कारखान्याचे माहितीपत्रक मोबाईलवर आले. त्यावर ठळक आकडा होता, 18. भाच्याने सुंभ ताणून जागा मोजली. विहिरीचा कठडा आणि समोरचे दोन माड यांच्यामध्ये बरोबर वीस फूट निघाले.

"खाला, बघ, दोन फूट उरतात! उद्या आगाऊ रक्कम पाठवतो."

ही रक्कम परत मिळणार नव्हती. आपा माझ्याकडे बघत होती. मला गाड्यांतले काही कळत नाही, पण वीस वर्षे मुलांना शिकवते आहे. पाचवीच्या वर्गात बाक मोजायला सांगितले की निम्मी मुले पट्टीचे टोक बाकाच्या कडेला लावतात. शून्याची रेघ टोकाच्या थोडी आत असते, तिकडे त्यांचे लक्षच नसते. उत्तर चुकते ते वाचताना नव्हे, सुरुवात करताना. म्हणून मी एवढेच म्हटले, "बाबा, अठरा म्हणजे कुठून कुठपर्यंत, ते आधी विचार."

त्याने फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्य होता. तो म्हणाला, "साहेब, अठरा ही आतली लांबी. राहायची जागा." मग आम्ही एकेक विचारत गेलो आणि वहीत लिहीत गेलो. पुढच्या-मागच्या भिंतींची जाडी धरून बाहेरून पेटी 18 फूट 6 इंच. पेटीच्या पुढे ओढण्यासाठी लोखंडी त्रिकोणी सांगाडा आणि त्याच्या टोकाला गाडीच्या हुकात अडकणारे कपलिंग, ते 3 फूट 9 इंच. मागे बंपर आणि त्यावर बसवलेली स्टेपनी, 10 इंच. बेरीज केली तर 23 फूट 1 इंच!

वीस फुटांच्या जागेत तेवीस फुटांची वस्तू. रक्कम गेली असती, आणि गाडी दारात आल्यावर अब्बांचे दोन माड तोडण्यावाचून गत्यंतर उरले नसते.

यात खोटे कोणी बोलले का? नाही. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत हे सगळे आकडे होते. कारखानदाराने राहणाऱ्याच्या दृष्टीने लांबी सांगितली आणि आम्ही ती जागेच्या दृष्टीने वाचली. शब्द एकच, लांबी. पण टेप लावायची ठिकाणे वेगळी.

त्या रात्री या विषयाचा थोडा अभ्यास केला. तेव्हा समजले की जिथे अशी घरे सर्रास वापरतात तिथेही लोक याच ठिकाणी अडखळतात. ट्रेलरच्या एकूण चार लांबी असतात. पहिली आतली, म्हणजे राहायला मिळणारी. दुसरी बाहेरच्या पेटीची. तिसरी हुकाच्या टोकापासून मागच्या शेवटच्या टोकापर्यंतची, म्हणजे रस्त्यावरची एकूण. आणि चौथी, उभी केल्यावर लागणाऱ्या जागेची. हूक जोडायला-सोडायला पुढे माणूस उभा राहिला पाहिजे, मागची स्टेपनी काढता आली पाहिजे, याचा हिशेब तिच्यात येतो. दार उघडायला आणि पायरी ठेवायला बाजूला जागा लागते ती निराळीच.

अमेरिकेत मॉडेलच्या नावातच पुष्कळदा एखादा आकडा असतो. घेणाऱ्याला वाटते, हीच लांबी. पण तो आकडा कशाचा, हे कारखानदार आपापले ठरवतो. कोणाचा पेटीचा, कोणाचा आतल्या जागेचा, तर कोणाचा नुसता आतल्या मांडणीचा सांकेतिक क्रमांक. पुढचा सांगाडा धरला की प्रत्यक्ष लांबी साधारण तीन-चार फुटांनी वाढते. तिथल्या अनेक सरकारी उद्यानांत मुक्कामाच्या जागेला लांबीची मर्यादा असते. नावातल्या आकड्यावर विसंबून जागा राखून ठेवणारे कुटुंब दारात पोहोचल्यावर अडकते.

ब्रिटनमध्ये आपल्या कोकणातली कितीतरी मुस्लिम कुटुंबे स्थायिक झाली आहेत. तिथे कॅरॅव्हॅन घेऊन सुट्टीवर जाणे नेहमीचेच. तिथला कायदा सांगतो की साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीने ओढायचा ट्रेलर जास्तीत जास्त 7 मीटर लांब असावा, पण या सात मीटरमध्ये पुढचा त्रिकोणी सांगाडा धरत नाहीत. तीच कॅरॅव्हॅन फेरीबोटीत चढवायची झाली तर बोटवाले हुकासकट, मागे सायकली टांगल्या असतील तर त्यांच्यासकट लांबी विचारतात, कारण त्यांची जागा तेवढी अडते. एकच वस्तू, एकाच दिवशी, दोन दारांत दोन लांबीची. आणि दोन्ही बरोबर.

आपल्याकडेही हेच आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 93 वा नियम वाहनांच्या मापांचा आहे. एकूण लांबी म्हणजे वाहनाच्या पुढच्या आणि मागच्या टोकांमधले अंतर, असे तो सांगतो; पण काही गोष्टी त्यातून वगळतो. टपावर माल चढवायची शिडी, मागचा दिवा, नंबर प्लेट, स्टेपनी, बंपर यांचा त्यात समावेश आहे. गंमत म्हणजे टपाल खात्याच्या गाडीवरची पत्रपेटी 30 सेंटीमीटरपर्यंत असेल तर तीही धरायची नाही! रुंदी मोजताना बाजूचे आरसे धरत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने हे ठीक आहे. पण आमच्या पाणंदीतल्या गडग्याला कायदा कळत नाही. तिथे आधी आरसाच घासतो. नवी गाडी घेताना फाटकाचे माप माहितीपत्रकातल्या रुंदीशी जुळवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

टेपचे टोक कधी कधी कर ठरवतो. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंतच्या आणि लहान इंजिनाच्या मोटारींना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. तेव्हापासून बाजारात 3,995 मिलिमीटरच्या गाड्यांची रांग लागली. मर्यादेच्या फक्त पाच मिलिमीटर आत! काही गाड्यांची डिकी त्यासाठी आखूड केली गेली. सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले, तरी ही रेघ कायम आहे. लांबी आणि इंजिन दोन्ही मर्यादेत असलेल्या लहान गाडीला 18 टक्के, मोठ्या गाडीला 40 टक्के. बोटभर लांबीने घराच्या खर्चात एवढा फरक पडतो.

मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला खरे तर यात नवे काही वाटू नये. होडी किती लांब, या प्रश्नालाही एक उत्तर नाही. नाळेच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत मोजली तर एक, तळाच्या कण्यावर मोजली तर दुसरे, पाण्याला टेकलेल्या रेषेवर मोजली तर तिसरे. नाळ पुढे झुकलेली असल्यामुळे वरची लांबी नेहमी जास्त भरते. लहान बोटींच्या मोजणीच्या आंतरराष्ट्रीय मानकात मागे लटकवलेले, सहज काढता येणारे इंजिन लांबीत धरत नाहीत. मोठ्या जहाजांसाठी 1969 चा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यातली 'लांबी' तर एका ठरावीक पाणरेषेच्या लांबीच्या 96 टक्के असू शकते! पण बंदरात होडी लावणाऱ्या तांडेलाला विचारा. तो इंजिनासकट, दोरासकट जागा बघतो. त्याला शेजारच्या होडीला धक्का द्यायचा नसतो.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. दोन्ही भाषांत 'गज' हे माप आहे. पूर्वी मुलखागणिक गज वेगळा होता, म्हणून बादशहा अकबराला इलाही गज ठरवून द्यावा लागला. आज मीटर सगळीकडे सारखा आहे. गज एक झाला, पण टेप कुठे टेकवायची याचा प्रश्न सुटलेला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही आणखी एक गोष्ट केली. ओढणारी लहान मोटार सुमारे 13 फूट आणि ट्रेलर 23 फूट, म्हणजे एकत्र 36 फुटांची गाडी. सुंभ तेवढा मोजून घेतला. एक टोक भाच्याने धरले, दुसरे शेजारच्या मुलाने, मधला सांधा मी. मग पाणंदीतून वाडीत वळायचा प्रयत्न केला. मुले हसून बेजार झाली. आम्ही तिघे गडग्याला अडकलो. पाणंद दहा फुटांची, वळण काटकोनाचे. जागा पुरली असती तरी गाडी आत वळलीच नसती.

भाचा दोन दिवस गप्प होता. मग त्यानेच नवा विचार मांडला. घर विकत घ्यायचेच नाही. वाडीची मागची बाजू थेट रस्त्याला लागते. तिथला गडगा बारा फूट उघडून फाटक करायचे, आणि स्वतःची कॅरॅव्हॅन घेऊन येणाऱ्या प्रवाशांना एका गाडीपुरती जागा, पाणी, वीज आणि न्हाणीघर द्यायचे. खर्च बराच कमी, माड शाबूत. आपाला हे पटले. परवानगीचे कागद आता तयार होत आहेत.

पण गोष्ट इथे संपत नाही. फलकाचा मजकूर लिहायला भाचा बसला आणि त्याने लिहिले, "जागा 30 फूट." मी पुन्हा टेप घेऊन गेले. फाटकापासून विहिरीच्या बाजूच्या बांधापर्यंत तीस फूट होते खरे, पण शेवटच्या तीन फुटांवर काजूची फांदी इतकी खाली आली आहे की उंच गाडी तिथे शिरणार नाही.

"अगं खाला, जमिनीवर तर तीसच आहे ना?" तो म्हणाला.

आपा ओसरीवर तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "काल त्या माणसानेही तुला खरंच सांगितलं होतं ना रे?"

भाचा हसला आणि त्याने आकडा खोडला. आपल्या घरांत माप-तोलाची बात निघाली की सूरह मुतफ्फिफीनची आठवण हमखास निघते. घेताना पुरे माप घेणारे आणि देताना कमी देणारे, यांना तिथे सक्त ताकीद आहे. आपण ती दुकानदाराच्या तराजूपुरती समजतो. पण जो आकडा ऐकणाऱ्याला जास्त वाटावा म्हणून निवडला जातो, तोही कमी मापच नव्हे का?

आता फलकावर असे लिहायचे ठरले आहे: "गाडीसाठी मोकळी जागा 27 फूट, हूक व स्टेपनीसह. फाटक 12 फूट."

शेवटी वाचक भगिनी-बंधूंना घरगुती सल्ला. 43 इंचांचा टीव्ही घेताना तो आकडा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका असतो. पडद्याची रुंदी साधारण साडेसदतीस इंच भरते. मुंबईत सदनिका बघताना 'सुपर बिल्ट-अप' ऐकून हुरळून जाऊ नका. रेरा कायद्याप्रमाणे कार्पेट क्षेत्रफळ किती, ते लेखी मागा. गाडी घेताना आरसे आणि दारे उघडून मोजा. होडी, ट्रेलर, कपाट, काहीही असो, आकडा ऐकला की पैसे काढण्यापूर्वी एक प्रश्न विचारा: कुठून कुठपर्यंत? आणि आपण स्वतः एखादा आकडा सांगत असू, तर समोरच्याने विचारायच्या आधीच त्याचे उत्तर देऊन टाका.

माड दोन्ही उभे आहेत. या वर्षी त्यांचे नारळ उतरवले तेव्हा भाच्याला दुबईला फोटो पाठवला. त्याचा उलट संदेश आला, "खाला, उंची किती झाली? मुळापासून शेंड्यापर्यंत सांग, झावळ्या सोडून!"