नळाची वही, नेटची वही

सिडकोतल्या आमच्या घरात नळाशेजारी एक वही टांगलेली असे. पाणी कधी सुटलं, किती वेळ टिकलं, धार कशी होती, सगळं बाबांच्या अक्षरात. छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं, आणि पाण्याची वाट पाहणं तेव्हाही होतंच. 2005 सरता सरता त्याच वहीच्या मागच्या पानांवर दुसरी नोंद सुरू झाली: नेट कधी गेलं, कधी आलं.

त्या वर्षीच्या जानेवारीत बीएसएनएलची ‘डेटावन’ सेवा सुरू झाली होती. त्याच महिन्यात केंद्र सरकारने 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त केला, म्हणजे घरात वाय-फाय लावायला कुणाला विचारायला नको. वेग 256 केबीपीएस, आणि त्याचं काय कौतुक! पुढे रात्री दोन ते सकाळी आठ मोफत, अशी योजना घेतली तेव्हा बाबा दोनचा गजर लावू लागले. पाणीही पुष्कळदा अपरात्री सुटे. एका जागरणात दोन्ही कामं उरकत.

राउटर नंतर आला. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकायचं, नाव ‘अॅडमिन’, पासवर्डही ‘अॅडमिन’. वाय-फाय उघडंच. शेजाऱ्याने वापरलं तर आपलं काय जातं, हा आमचा भाबडा हिशेब. जुलै 2008 मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधीचा धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेल्याचं पेपरात आलं. त्याच रात्री आमच्याकडे डब्ल्यूपीए-2 आणि लांबलचक पासवर्ड लागला. शेजारी दोन दिवस घुश्श्यात होते.

खरा छळ रेंजचा. मागच्या खोलीत ती कधी यायची, कधी नाही. अँटेना फिरवल्या, चॅनल 6 चा 11 केला, राउटर माळ्यावर चढवला, व्यर्थ. शेवटी उत्तर वहीत सापडलं. बाबांनी पुढची आणि मागची पानं शेजारी ठेवली: ज्या दिवशी पाणी आलं, त्या दिवसापासून मागची रेंज गेलेली, पुढचं पाणी यायच्या आदल्या दिवशी ठणठणीत. मधल्या बोळात पाण्याचे दोन मोठे ड्रम होते, नेमके राउटर आणि खोली यांच्या मध्ये. पाणी या लहरी शोषून घेतं. ड्रम भरले की नेट आटायचं! ड्रम हलवणं अशक्य, म्हणून राउटर हलला.

2020 च्या टाळेबंदीत फायबर आली. 5 गिगाहर्ट्‌झने वेग दिला, पण एक भिंत ओलांडली की दम सोडला. मागे अजून 2.4 च कामी येतं. पुढे गल्लीत जलवाहिनीसाठी खोदकाम झालं, फायबर दोनदा तुटली, मोडेमवर एलओएसचा लाल दिवा. पाण्यासाठी नेट गेलं, हेही वहीत आहे.

आता जोडलेल्या उपकरणांची यादी मोबाइलवर दिसते. वही मात्र जागेवरच आहे. कालची नोंद: पाणी 11.40 ला, धार बारीक. नेट चालू.