एक लिटर डिझेल, दहा हजार लिटर हवा

देऊळगाव राजा हा घाटावरचा तालुका. शेडनेटमधलं भाजीपाल्याचं बियाणं, सोयाबीन, कापूस, सगळ्याची ने-आण इथे पिकअप करते. जालन्याच्या रस्त्याला गाडीचं दुखणं सहसा लपून राहतं. तीच गाडी माल भरून मलकापूरहून घाटावर परतताना राजूर घाटाला लागली, की सगळं उघडं पडतं. ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला, इंजिनाचा घोगरा आवाज, मागे काळ्या धुराचा लोट, आणि गाडी काही उचलत नाही.

अशा वेळी पहिला संशय डिझेलवर जातो. पण काळा धूर उलटी साक्ष देतो: डिझेल पोचलंय, ते जाळायला हवा पुरलेली नाही. आणि हवा लागते तरी किती! एक लिटर डिझेल पुरतं जळायला निदान बारा किलो हवा हवी. लिटरमध्ये मोजली तर जवळपास दहा हजार लिटर, म्हणजे उन्हाळ्यात गावाला पाणी देणारा मोठा टँकर भरेल एवढी. बोलेरो पिकअपचं २,५२३ सीसीचं इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर टर्बोशिवाय ते मिनिटाला जेमतेम अडीच हजार लिटर हवा आत घेऊ शकतं. त्यात मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या दुपारची हवा, हिवाळ्यातल्या २० अंशांच्या सकाळपेक्षा सात टक्क्यांनी विरळ असते. इंजिन तेच, माल तोच, तरी दुपारी गाडी जड वाटते ती उगीच नाही.

म्हणून टर्बो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम धुरावर एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकावरच्या चाकाने ताजी हवा इंजिनात कोंबायची, एवढीच कल्पना. तळहातावर मावणारं हे चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं! दाबलेली हवा तापते आणि तापली की पसरते, म्हणून वाटेत इंटरकूलर तिला थंड करतो. त्याच्या जाळीत चिखल आणि काडीकचरा बसला, की त्या थंडाव्याला तेवढी खोट येते.

दुखणं पुष्कळदा सापडतं ते टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत जाणाऱ्या रबरी होजमध्ये. वळणावर, खालच्या अंगाला, नखाएवढी चीर. गाडी उभी असताना ती मिटलेली असते, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. भार आला, आत दाब चढला, की चीर तोंड उघडते आणि कोंबलेली हवा फुस्सकन बाहेर जाते. खूण मात्र मागे राहते: हवेबरोबर आलेल्या तेलाच्या वाफेवर धूळ चिकटून तिथे काळपट ओला डाग पडतो. इंजिन गार असताना होजवर बोट फिरवलं की तो हाताला लागतो. क्लॅम्प ढिला असेल तरी लक्षणं हीच. स्कॅनर लावला तर पी-०२९९ हा कोड येतो. त्याचा अर्थ बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, कमी, एवढाच. टर्बो गेला असं तो कोड म्हणत नाही. होज न तपासता टर्बो बदलायला काढणं म्हणजे मालकाच्या खिशावर अन्याय आहे, असं माझं ठाम मत आहे.

त्याआधी एअर फिल्टर बघावा, हे ओघाने आलंच. मळणीच्या दिवसांत तो किती लवकर भरतो, हे इथल्या चालकांना सांगायला नको. फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा सेन्सर बसवलेला असतो, आणि त्याची तऱ्हा मोठी देखणी आहे. विजेने तापवलेला एक बारीक पापुद्रा वाहत्या हवेने गार होतो. तो पुन्हा तापवायला किती वीज लागली, यावरून किती हवा आत गेली ते संगणकाला कळतं. पापुद्र्यावर मळ बसला की हवा कमी भासते आणि संगणक डिझेलला आखडता हात घेतो. तो फडक्याने पुसू नये, त्याचा वेगळा स्प्रे मिळतो.

धूर नाही आणि जोरही नाही, असं असेल तर डिझेल फिल्टरकडे वळावं. तो चोक झाला असेल किंवा त्यात पाणी साचलं असेल, तर गाडी उभ्या जागी छान चालते आणि चढावर आचके देते. कॉमन रेलच्या नळ्यांमध्ये मात्र हाताने गळती शोधू नये. तिथला दाब दीड हजार बारच्या पुढे जातो. डिझेलची बारीक धार कातडीत घुसते. इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. एखादंच चाक तापलंय, तर ब्रेक धरून बसलाय.

बहुतेक बीएस-सहा डिझेल गाड्यांत आणखी एक जागा तपासावी लागते. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर भरला, की इंजिनाचा उच्छ्वासच अडतो. ती काजळी सुमारे ६०० अंशांना जळते. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचा सायलेन्सर तेवढा तापतच नाही. फिल्टर पुरता भरलेला नसेल, तर डॅशबोर्डवर नुसता फिल्टरचा दिवा लागलेली गाडी जालन्यापर्यंत एका गतीने नेली, की वाटेतच काजळी जळून जाते आणि दिवा विझतो. त्यानेही विझला नाही, तर वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून काजळी जाळावी लागते.